नाटकाआधी बसायचं कुठे?

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, संध्याकाळचे पाच. मॅनहॅटनच्या नवव्या ॲव्हेन्यूवर, पाटी नसलेल्या एका दारासमोर आम्ही पाच जण उभे होतो आणि काका पाकिटातून आधार कार्ड काढत होते. दारावरच्या उंच मुलाने ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि फार अदबीने परत दिलं. नाटक सातचं, टेबल पाचचं. तीन आठवडे खपून केलेली माझी आखणी तिथे, फुटपाथवर संपली.

पुढे जे झालं ते बरंच झालं, पण त्यात माझी हुशारी काही नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझेलिन भागातली आम्ही मराठी मंडळी देशातून पाहुणे आले की एकदा तरी त्यांना ब्रॉडवेला नेतो. सेलफोनवर प्रश्न ठरलेला असतो: "नाटकाआधी कुठेतरी छान बसायचंय, जागा सांग ना." मी आजवर बिनदिक्कत नावं सांगत आलो. या प्रकरणानंतर मी आधी उलट प्रश्न विचारतो, आणि पहिला प्रश्न पेयांबद्दलचा नसतो.

मंडळी आणि त्यांचे नियम

नाशिकहून आत्या आणि काका आले होते. काका ६५ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. शनिवारी दोन पेग, सोडा घालून, चकण्याला कांदा घातलेले शेंगदाणे. याच्या पुढे ना मागे. नाटकाचा नाद जुना. कालिदास कलामंदिरात पाहिलेल्या प्रयोगांची तिकिटं त्यांनी वहीत चिकटवून ठेवली आहेत. आत्या ६१ची, डावा गुडघा दुखरा, जिना म्हटलं की चेहरा पडतो. दारूच्या थेंबाला शिवत नाही, पण तिचीच फर्माईश होती: "ते सिनेमात दाखवतात ना, मंद दिवे, उंच ग्लास, तसल्या ठिकाणी एकदा नेऊन आण. बघायचंय मला." त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, २४ वर्षांची, इथल्या रटगर्स विद्यापीठात एमएस करते. शिवाय मी आणि बायको. परत आल्यावर मेट्रोपार्क स्टेशनवरून गाडी चालवायची असल्याने मी कोरडा. म्हणजे तीन पिणारे, दोन न पिणारे.

वार गुरुवार. आत्याचा उपास, रात्री सोडते. तिकिटं काढताना हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मी काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "गुरुवार तिचा आहे, माझा नाही."

तिकिटं होती बूथ थिएटरची, ४५व्या रस्त्यावर. ब्रॉडवेची म्हणवली जाणारी ४१ थिएटरं आहेत. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असल्या तरच त्यांत जमा होता येतं. त्यांपैकी बूथ हे छोट्या घरांपैकी एक, पावणेआठशेच्या आसपास खुर्च्या, १९१३चं. नाव एडविन बूथ या नटाचं, ज्याचा हॅम्लेट गाजला होता. त्याच्याच धाकट्या भावाने १८६५ साली लिंकनला गोळी घातली, तीही थिएटरातच. हे सांगितल्यावर काका गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईबापांनी दोघांना एकच नाटक दाखवलं असेल."

नाटक दोनच पात्रांचं, पावणेदोन तासांच्या आत संपणारं, आणि मध्यंतर नाही. या शेवटच्या दोन शब्दांनी सगळा हिशेब बदलतो. आपल्याकडे नाटक पाहणाऱ्याची अर्धी सोय मध्यंतरात होते: बटाटेवडा, चहा, पाय मोकळे करणं, बायकांच्या रांगेत उभं राहणं. इथे मध्यंतर असलं तरी पंधरा-वीस मिनिटांचं, आणि शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींतली प्रसाधनगृहं त्या काळच्या हिशेबाची. मध्यंतर नसेल तर जे काही खायचं, प्यायचं, आणि आवरायचं, ते पडदा वर जायच्या आधी.

घड्याळ उलटं फिरवलं

सात वाजता सुरू होणारं नाटक सात-पाचला सुरू होतं, पण त्या पाच मिनिटांवर विसंबू नये. उशिरा येणाऱ्याला मधल्या एखाद्या सोयीच्या जागी आत सोडतात किंवा सोडत नाहीत, आणि पैसे तर परत मिळतच नाहीत. दारं साधारण अर्धा तास आधी उघडतात. बॅगा तपासणं, फोनवरची तिकिटं दाखवणं, रांग. म्हणजे ६.४०ला दारात. बारमधून निघायचं ६.२०ला, आणि निघण्याआधी प्रत्येकाने प्रसाधनगृहात जाऊन यायचं, "मला नाही लागली" हे उत्तर चालणार नाही. बिल मागवायचं सहा वाजता, कारण सव्वासहाला त्या भागातल्या प्रत्येक टेबलाला एकदमच बिल हवं असतं. पाचला टेकलो तर हातात एक तास.

एका तासात एकच पेय होतं. ही गोष्ट काकांना पटवायला मला पेगचं गणित मांडावं लागलं. आपला छोटा पेग ३० मिलिलिटर, म्हणजे काकांचे शनिवारचे दोन मिळून ६०. न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटन नावाच्या एका कॉकटेलमध्येच राय किंवा बर्बन व्हिस्की ६०च्या घरात असते, वर ३० मिलिलिटर गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाल्याची वाइन, आणि दोन थेंब बिटर्स, म्हणजे कडू अर्क. सोडा नाही, पाणी नाही. बर्फात ढवळताना जे विरघळेल तेवढंच. काकांचा आख्खा शनिवार एका छोट्या ग्लासात, तोही अनशा पोटी आणि विमानाचा शीण पुरता उतरलेला नसताना. नाटकाआधी खरं तर हलकं पेय बरं, कंपारी-सोडा किंवा स्प्रिट्झच्या जातीचं, जिभेला कडसर आणि डोक्याला माफक. बायको आणि बहीण तेच घेणार होत्या. काकांना मात्र मॅनहॅटनमध्ये बसून मॅनहॅटनच हवी होती, आणि या बाबतीत तर्क चालत नाही.

खर्चाचा अंदाज मी आधीच एक्सेलमध्ये मांडला होता. १९ डॉलरची तीन कॉकटेल, १२ डॉलरची दोन बिनदारूची, ४० डॉलरचं खाणं: १२१. त्यावर शहरातला विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे पावणेअकरा. टिप २० टक्के, २४ डॉलर. झाले १५६. त्या महिन्यात डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तेरा हजार. हा आकडा काकांपर्यंत पोचू द्यायचा नाही असं घरात ठरलं.

यादीतली नावं आणि माझी खोट

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक झाली ती निवडीत.

यादीत पहिलं नाव सार्डीज, ४४व्या रस्त्यावर, १९२७पासून त्याच जागी. बूथला लागून शूबर्ट ॲली नावाची एक बोळ आहे, ती ओलांडली की समोरच. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: "जुनं, टुरिस्टी, नको." दुसरं जो ॲलन, ४६व्या रस्त्यावर, जिथे आठव्या आणि नवव्या ॲव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्याला रेस्टॉरंट रो म्हणतात. ते १९६५चं, विटांच्या भिंतींवर आपटलेल्या नाटकांची पोस्टरं लावलेली. चाललेल्यांची नाही, आपटलेल्यांची. मला ही कल्पना फार आवडते, पण ती मुळात जेवायची जागा, "बार नव्हे" म्हणून कटाप. त्याच्याच वर बार सेन्ट्राल: बाहेर पाटी नाही, नटमंडळींची बसायची जागा. पण पायऱ्या चढून जायचं, म्हणजे गुडघ्यामुळे बाद. ४७व्या रस्त्यावर हॉटेल एडिसनमध्ये रम हाउस, पियानोवाला. एडिसनच्या माणसाने हॉटेल एडिसनमध्ये बसावं हा विनोद बायकोने तीनदा केला. पण तिथे आधी जाऊन जागा धरावी लागणार, आणि पियानोच्या शेजारी आत्याला काही ऐकू येणार नाही.

उरलं ते नवव्या ॲव्हेन्यूवरचं. नाव देत नाही; त्यांचं काही चुकलेलंही नाही. फोटोत ते अगदी आत्याने सांगितलं तसं होतं: मेणबत्त्या, मखमल, पितळी दिवे, दारावर पाटी नाही. शिवाय एक गोष्ट मी खरोखर चांगली केली होती. फोन करून विचारलं होतं की तुमचे फ्राइज कशात तळता. पलीकडच्या बाईने आत जाऊन विचारून सांगितलं, बटाट्याची कढई वेगळी, तिच्यात दुसरं काही तळत नाही. उपासाला हे सोनं! बटाटा, तेल, वेगळी कढई. मीठ न घालता मागवायचे, सैंधव आत्याच्या पर्समध्ये पुडीत असतंच. एवढ्या एका उत्तरावर मी भाळलो आणि बाकीचं पाहिलंच नाही.

चकण्याच्या बाबतीत बारकावे पाहणं इथे भागच पडतं. शाकाहारी दिसणाऱ्या गोष्टी निघतात भलत्याच. ब्लडी मेरीत वूस्टरशर सॉस असतो, त्यात अँकोव्ही मासा. कांद्याच्या सूपला बैलाच्या हाडांचं पाणी. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये पुन्हा तोच मासा. व्हिस्की सावरवर जो पांढरा शुभ्र फेस दिसतो तो अंड्याच्या पांढऱ्याचा, आणि हल्ली बिनदारूच्या पेयांवरही तो घालतात, म्हणजे जो पीत नाही त्यानेही विचारूनच घ्यावं. कित्येक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या, दूध गोठवणाऱ्या रसाने लावलेली. ही सगळी माझी एक्सेलमधली टिपणं. आत्याला मी त्यातलं फक्त अंड्याचं सांगितलं. माणसाला सगळंच सांगितलं तर तो घरीच बसेल.

जे पाहिलं नाही ते असं. एक, खुर्च्या. फोटोतली ती मखमल पाठ नसलेल्या बुटक्या गोल स्टुलांवर होती. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला बुटक्या स्टुलावर बसवणं म्हणजे शिक्षा, आणि तिथून उठवणं म्हणजे कार्यक्रम. दोन, अंतर. नकाशावर "दोन ब्लॉक" दिसले की आपण फसतो. मॅनहॅटनमध्ये दक्षिणोत्तर वीस ब्लॉक म्हणजे एक मैल, एक ब्लॉक ऐंशी मीटर. पण पूर्व-पश्चिम, आठव्या ॲव्हेन्यूपासून नवव्यापर्यंत, एकाच ब्लॉकमध्ये तीन भरतात. तीन, अटी. टेबल दीड तासाचं, उशिराची सूट पंधरा मिनिटं, न आल्यास माणशी २५ डॉलर. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र दारावर पाहिलं जाईल.

ती ओळ मी वाचली होती. वाचून हसलो होतो, कारण काकांना बघून एकविसाच्या आत कोण समजणार?

दारात

न्यू यॉर्कमध्ये दारू पिण्याचं वय २१ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पुरावा म्हणून कायद्याला काय चालतं, हे पाहुण्यांना सहसा माहीत नसतं: अमेरिकेचं किंवा कॅनडाचं ड्रायव्हिंग लायसन्स वा तसंच सरकारी ओळखपत्र, वैध पासपोर्ट, अमेरिकी सैन्याचं कार्ड. पांढऱ्या केसांच्या माणसाला विचारायलाच हवं असं नाही, पण एखाद्या जागेने "सगळ्यांना विचारणार" असा नियम केला तर तो सगळ्यांना लागू. त्या मुलाने आम्हा तिघांची लायसन्सं पाहिली. आत्याने पर्सच्या आतल्या कप्प्यातून, प्लास्टिकच्या पिशवीतून, रुमालातून पासपोर्ट काढला. थेंबाला न शिवणारी बाई पासपोर्ट घेऊन आली होती! आणि काकांचा पासपोर्ट एडिसनला आमच्या कपाटात, कुलूप लावून ठेवलेला. "हरवला तर एम्बसीच्या चकरा कोण मारणार?" असं म्हणून त्यांनी सकाळी स्वतःच ठेवला होता, आणि मी शाबास म्हटलं होतं.

"यावर जन्मतारीख आहे," काका आधार कार्डावर बोट ठेवून सांगत होते. "भारत सरकार."

"सर, मला कळतंय," तो मुलगा म्हणाला. "पण मला हे घेता येत नाही. तुम्ही चौघं आत बसू शकता."

चौघं! काकांनी लगेच फर्मान काढलं, "तुम्ही जा, मी इथे उभा राहतो. गंमत बघतो रस्त्याची." ते खरंच राहिले असते. आत्या एक पाय दुसऱ्या पायावर घेत उभी होती. मी दाराच्या फटीतून आत पाहिलं. ती स्टुलं दिसली, आणि त्या क्षणी, सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं.

(दोन दिवसांनी कार्डावरून १२५ डॉलर कापले गेले. फोन केल्यावर परत आले. दारावरच्या मुलाने आम्ही आलो होतो याची नोंद केली होती.)

पाच वाजून बारा मिनिटं

आता खरा निर्णय. हातात सव्वा तास, चालणाऱ्यांत सर्वात हळू आत्या, न चालणारं ओळखपत्र, आणि थिएटर पूर्वेला. मी फोनवर "जवळचे बार" शोधू लागलो. बायकोने फोन काढून घेतला. तिचं म्हणणं असं की जवळचं म्हणजे कोणाच्या जवळचं? आपल्याला इथून जवळचं नकोच आहे, थिएटरजवळचं हवंय. चालायचंच आहे तर आत्यांना एकदाच चालू दे, इथून तिथे, मग बसून, मग फक्त बोळ ओलांडायची. माझ्या आखणीतही बारपासून थिएटरपर्यंत आत्याला चालावं लागणारच होतं, स्टेशनवरून टॅक्सीने बारपर्यंत आणलं म्हणून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वाटेत जो ॲलनपाशी मी आत डोकावलो. पाच जणांना एकत्र जागा नव्हती, आणि पाचच्या सुमाराला त्या रस्त्यावर ती कुठेच नसते. तेवढ्यात बहिणीने सार्डीजला फोन लावला होता. पाच माणसं, जिना नको, फक्त पेयं आणि काहीतरी तोंडात टाकायला, साडेसहाच्या आत उठतो. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. नाटकाला जाणारे ठरल्या वेळी उठतात हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं, पण आपण होऊन सांगितलं की टेबल सापडतं. "या," म्हणाले.

चालायला वीस मिनिटं लागली. आठव्या ॲव्हेन्यूवर गर्दी वाढत होती, उन्हं उतरत होती. आत्या मध्ये एकदा थांबून म्हणाली, "तो मुलगा सभ्य होता हो." काका म्हणाले, "सभ्य होता म्हणूनच राग आला."

बसलो

सार्डीजच्या भिंतींवर नटनट्यांची व्यंगचित्रं आहेत, चौकटीला चौकट लागून, छतापर्यंत. सुरुवातीची चित्रं ॲलेक्स गार्ड नावाच्या रशियन निर्वासिताने काढली. त्याचा आणि मालक व्हिन्सेंट सार्डींचा करार होता: चित्रांच्या बदल्यात जेवण. सार्डींनी चित्राला नावं ठेवायची नाहीत आणि गार्डने जेवणाला. १९४८ साली गार्ड वारला, तोवर हे चाललं. पुढे दुसऱ्या चित्रकारांनी भिंती भरत नेल्या. मी हे काकांना सांगितलं तर बँकेत कर्जाच्या फायली पाहण्यात हयात घालवलेला तो माणूस म्हणाला, "असा करार लेखी करता येत नाही."

दिवे मंद नव्हते. भिंती लाल, टेबलांवर पांढरे कापड, वाढणारे कोट घातलेले. आत्याने मागितलेल्या सिनेमातलं ते ठिकाण नव्हतं. पण खुर्चीला पाठ होती. आत्या बसली, पर्स मांडीवर घेतली, दोन्ही पाय टेबलाखाली लांब केले आणि सोडलेला तो श्वास मी ओळखतो. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत आटोपल्यावर बायका तो सोडतात.

आपण मराठीत "आज बसू या" म्हणतो तेव्हा त्यात दारूचं नावही नसतं. बसणं हाच शब्द. तीन आठवडे मी पेयं, दिवे, मखमल आणि कढई पाहत होतो, आणि त्या शब्दात जे उघड लिहिलंय तेच राहिलं होतं. आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं हळू आवाजात बोलत होतं आणि आम्हाला एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. ही गोष्ट त्या मेणबत्त्यांच्या जागी झाली असती का, मला शंका आहे.

काकांनी मॅनहॅटन सांगितली, आणि वाढणाऱ्याने काही विचारायच्या आत आधार कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने ते पाहिलं, हसला आणि परत सरकवलं. बहिणीने मात्र ते उचललं, त्यावरचा काकांचा तो फोटो पाहिला, मान वर करून भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "बाबा, हे इथेच देऊन टाकू या. शोभेल भिंतीवर." काकांना ठसका लागला.

आत्याचं पेय हा वेगळाच सोहळा होता. तिला लिंबूसोडा हवा होता, आपला, मीठ-साखर दोन्ही घातलेला. मीठ साधं नको. तिने वाढणाऱ्याला माझ्या मध्यस्थीने समजावलं: सोडा, ताज्या लिंबाचा रस, साखरेचा पाक वेगळा, मीठ बिलकुल नाही. बारमध्ये साखरेचा पाक तयार असतोच, इकडे त्याला सिंपल सिरप म्हणतात, म्हणून ते सोपं गेलं. उंच ग्लास आला, वर लिंबाची चकती. आत्याने आजूबाजूला पाहून पर्समधली पुडी काढली, चिमूटभर सैंधव सोडलं. सोडा फसफसून ग्लासाच्या काठावर आला, आणि तिने खाली वाकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, वरूनच पहिला घोट घेतला. उंच ग्लास मिळाला, एवढी तरी फर्माईश पुरी झाली.

तिथे बसल्यावर चीज आणि क्रॅकर येतात. फार जुनी पद्धत आहे ती. काकांनी शेंगदाण्यांची आठवण काढली, पण चौथ्या क्रॅकरनंतर ती काढेनासे झाले. आत्याला गव्हाचं चालणार नव्हतं. इथल्या कढईची चौकशी करायला मला तोंड नव्हतं. तिने रुमालाआडून राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीवरची चित्रं पाहिली.

सहाला काकांनी रिकामा ग्लास पुढे सरकवून माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. ग्लास जागच्या जागी आला. बिल मी ठरल्याप्रमाणे टेबलाखालून घेतलं, तरी काकांनी बहिणीला दर विचारून तोंडी गुणाकार केलाच. किती आले ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त उरलेली चेरी खाऊन टाकली.

सहा वीसला पाचही जण आळीपाळीने जाऊन आले. सहा तेहतीसला बोळ ओलांडली. सहा पंचेचाळीसला बूथमध्ये खालच्या रांगांत बसलो होतो, आत्या कडेच्या खुर्चीवर, डावा पाय बाहेरच्या बाजूला. दिवे गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी काकांवर नजर ठेवून होतो, मॅनहॅटन आत कुठपर्यंत पोचली असेल या काळजीने. ते पुढे वाकून ऐकत होते. इंग्रजी सगळं कळलं नाही, पण नाटकातल्या त्या दोघींपैकी कोण खोटं बोलते आहे ते पहिल्या प्रवेशात ओळखलं, असं नंतर सांगत होते.

साडेनवाच्या सुमाराची गाडी मिळाली. नेवार्क गेल्यावर आत्याने घड्याळ पाहिलं, पर्स उघडली आणि कागदी रुमालाची घडी काढली. आत चार क्रॅकर होते, दोन-दोन एकावर एक, मध्ये चीज दाबून बसवलेलं. कधी बांधून घेतले, कोणाला दिसलं नाही.

"सोडते आता उपास," ती म्हणाली, आणि एक जोडी काकांना दिली. चीजमध्ये काय होतं ते मी तिथे विचारलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.